पापांची रायफल, फ्रेडीची दुर्बीण

फ्रेडीच्या अंत्यविधीला मी दुसऱ्याच माणसाच्या पेटीला खांदा दिला.

लपवून उपयोग नाही, गिरगावातल्या निम्म्या लोकांनी ते पाहिलं आहे. पहाटे फिलोचा फोन आला. फिलो म्हणजे फिलोमिना, फ्रेडीची बायको. "वसंत, फ्रेडी गेला रे. झोपेतच. मी चहा घेऊन गेले तर..."  अंत्यविधीची दुपारची वेळ तिने नंतर कळवली, पण मला घरी बसवेना. लालबागहून टॅक्सी केली आणि बराच लवकर चर्चमध्ये जाऊन पोचलो. आत प्रार्थना चालूच होती. समोर फुलं, फुलांमध्ये पेटी, पहिल्या बाकावर मान खाली घातलेली काळ्या कपड्यातली बाई. मी मागच्या बाकावर बसलो आणि जे रडू पहाटेपासून अडकलं होतं ते आलं. शेजारच्या सुटातल्या गृहस्थांनी रुमाल पुढे केला. हळूच म्हणाले, "ऑफिसातले का?" म्हटलं, "नाही, क्लबातले." त्यांनी मान डोलावली. गेलेल्या माणसाच्या आयुष्यात एखादा क्लब असणारच, असं त्यांना वाटलं असावं. पेटी उचलायला माणसं उठली तसा मी पुढे झालो आणि खांदा दिला. दारातून बाहेर आलो तर कंपाउंडात, झाडाखाली, फिलो उभी. ती जवळ आली, माझ्या कोपराला हात लावला आणि फक्त मला ऐकू येईल असं म्हणाली, "वसंत, हा आपला नव्हे. आपला अजून गाडीत आहे."

पेटी मधेच सोडता येत नाही. त्या अनोळखी माणसाला मी त्याच्या गाडीपर्यंत नीट पोचवलं, त्याच्या बायकोला नमस्कार केला आणि परत येऊन फ्रेडीच्या रांगेत उभा राहिलो. डोळ्यांत पाणी होतं म्हणून दिसलं नाही, असं सगळ्यांना सांगितलं. मग आमची प्रार्थना सुरू झाली आणि मला एकाएकी जाणवलं, की ही गोष्ट ज्याला सांगायची, जो ऐकून भिंतीला धरून हसेल, खोकेल, आणि "अजून एकदा सांग मॅन" म्हणेल, तो एकच माणूस या शहरात होता, आणि तो आता समोरच्या पेटीत होता. तेव्हा आलेलं रडू मात्र पत्त्यावर पोचलं.

आमची ओळखही माझ्या अशाच एका कर्तबगारीने झाली होती. मी डिलाईल रोडच्या चाळीतला, गिरणी कामगाराचा मुलगा. बँकेच्या मुलाखतीत छंद विचारले तेव्हा काहीच सुचेना, म्हणून "नेमबाजी" असं ठोकून दिलं. नेमबाजीचा माझा सगळा अनुभव जत्रेतल्या फुग्यांचा, आणि तेही फुगे बहुतेक शाबूत राहत. नोकरी लागली आणि बँकेच्या संघात एक नेमबाज कमी पडतोय म्हणून माझी रवानगी थेट रायफल क्लबात झाली. पहिल्याच दिवशी मी पोटावर आडवा पडून, एक डोळा मिटून, श्वास रोखून गोळ्या झाडल्या. माझा कागद परत आला तो दुकानातून आणल्यासारखा. शेजारच्या लेनमधला तरुण मात्र आपला कागद हातात घेऊन भोकं पुन्हापुन्हा मोजत होता. काळासावळा, कुरळ्या केसांचा, हसताना एक दात बाहेर. तो माझ्याकडे आला, कागद समोर धरला आणि म्हणाला, "ह्यात तुझी काही पोरं आहेत. घेऊन जा." तो फ्रेडी. त्या दिवशी आम्ही इराण्याकडे बसलो ते खुर्च्या टेबलांवर चढेपर्यंत. मी नेमबाजी वर्षभरात सोडली, तिनेही मला अडवलं नाही. क्लबाची मेंबरशिप आणि फ्रेडी हे दोन मात्र शेवटपर्यंत ठेवले.

फ्रेडीच्या घरी, गिरगावातल्या त्या लाकडी जिन्याच्या घरात, त्याच्या पापांची, म्हणजे वडिलांची, रायफल होती. पापा गोदीत क्रेन चालवायचे आणि सुट्टीला मित्रांबरोबर ठाण्यापलीकडच्या रानात रानडुकराच्या मागे जायचे. शिकारबंदी आली तेव्हा मित्रांनी बंदुका विकून टाकल्या. पापांनी विकली नाही. ते रेंजवर जाऊन कागदावर गोळी झाडू लागले. फ्रेडी सांगायचा, की पहिल्या दिवशी कागद हातात घेऊन पापा म्हणाले होते, "हे बरं आहे. ह्याच्या मागे पोरंबाळं नाहीत." पापा गेले, परवाना रीतसर फ्रेडीच्या नावावर झाला, आणि फ्रेडीने एक रीत सुरू केली. पापांच्या वर्षाच्या दिवशी सकाळी चर्चमध्ये मिस, मग पनवेलच्या पुढच्या मोठ्या रेंजवर जायचं, आणि त्या रायफलीतून एकच गोळी झाडायची. भोक पडलेला कागद घरी आणून पापांच्या फोटोच्या मागे, फ्रेममध्ये सरकवायचा. घरचे सगळे जेवायला थांबलेले असत, फिलोचं डुकराच्या मांसाचं सोरपोतेल शेगडीवर असे. आमच्या घरी मी त्या दिवशी "फक्त पाव खाल्ला" असं सांगत आलो. कागदांवर कागद चढत गेले, फ्रेम फुगली, आणि पापा भिंतीपासून थोडे पुढे आले, जणू कुणाचं तरी बोलणं ऐकायला वाकलेत.

दोन वर्षांपूर्वी कागद कोरा आला.

रेंजवरच्या माणसाने तो आणून दिला आणि निघून गेला. फ्रेडीने कागदाची पुढची बाजू पाहिली, मागची पाहिली, उजेडाकडे धरला. "वारा असेल," तो म्हणाला. पान हलत नव्हतं. मी सवयीने बोलून गेलो, "शेजारच्याचा कागद बघू या का? तुझी पोरं तिकडे गेली असतील." एरवी त्याने पाठीत गुद्दा घातला असता. त्या दिवशी त्याने कागदाची घडी करून खिशात घातली आणि टॅक्सीत गिरगावपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिला. घरी सांगितलं, कागद रेंजवरच विसरला. फिलोला तो कपडे धुताना पँटच्या खिशात सापडला. तिने तो इस्त्री केल्यासारखा हाताने सपाट केला, त्याच्या पुढ्यात ठेवला आणि विचारलं, "फ्रेडी, तुला दिसत नाही का?"

तेव्हा एकेक बाहेर यायला लागलं. त्याने गाडी विकली होती ती ट्रॅफिक वाढला म्हणून नव्हे. दाराच्या चौकटीला खांदा घासायचा तो दार अरुंद म्हणून नव्हे. बाजूने कुणी हाक मारली की तो दचकायचा. हे सगळं त्याला कधीपासून ठाऊक होतं आणि त्याने डॉक्टरला दाखवलं नव्हतं, कारण दाखवलं की खरं होतं. फिलो हात धरून घेऊन गेली. काचबिंदू. हा दुखत नाही, खुपत नाही, कडेकडेने खात येतो. डॉक्टर म्हणाले, गेलं ते परत येणार नाही, उरलंय ते थेंब घालून जपू या. फिलो मला फोनवर म्हणाली, "वेळेवर आला असता ना वसंत, तर..." आणि तिने फोन ठेवला.

फ्रेडीचा दुर्बिणीवर, म्हणजे रायफलीवर बसवतात त्या स्कोपवर, जन्माचा राग. "स्कोप लावून नेम मारायचा म्हणजे प्रेमपत्र टाइप करून घ्यायचं," असं तो क्लबात मोठमोठ्याने म्हणायचा. पण साध्या नेमात डोळ्याला तीन गोष्टी एका ओळीत धरायच्या असतात, मागची खाच, पुढची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचा कोंब, आणि लांबचा कागद. त्याला आता माशी दिसली की कागद जायचा आणि कागद दिसला की माशी उडायची. एका संध्याकाळी तो मला म्हणाला, "वश्या, एक स्कोप बघ मॅन. पापांना दुसरा कोरा कागद देणार नाही मी. एकदा भोक पाडतो, मग सगळं बंद झालं तरी चालेल." तो हे सुपारी कातरल्यासारखं सहज बोलला. मी मान वळवून टीव्हीकडे बघत बसलो. टीव्ही बंद होता.

मी जबाबदारी घेतली म्हणजे काय होणार हे फिलोला ठाऊक होतं. तिने "दोघं मिळून जा" असं बजावलंही होतं. मला मात्र त्याला चकित करायचं होतं. फोर्टातल्या बंदुकांच्या दुकानात एकटाच गेलो आणि सगळ्यात मोठा आकडा असलेली दुर्बीण उचलली. जास्त मोठं दिसतं ते जास्त चांगलं, हे माझं शास्त्र. ती लांबीला माझ्या हाताएवढी होती, आत लाल दिवा लागायचा, पुढचं तोंड पेल्याएवढं. दुकानातला रियाझ, जो दुरुस्तीचं कामही बघतो, तो एवढंच म्हणाला, "अंकल, शादी में ले जाना है क्या?" मी ते कौतुक समजलो.

फ्रेडीने ती डोळ्याला लावली. खाली घेतली, पुन्हा लावली. मग म्हणाला, "वश्या, ह्यात मला माझं काळीज दिसतं. बघ, कसं उडतंय." इतक्या मोठ्या दिसण्यात हाताची, छातीची प्रत्येक धडधड उड्या मारते आणि नेमाची फुली कागदावर ठरत नाही. शिवाय एवढं मोठं करून बघायचं तर बघण्याचा घेर सुईच्या नेढ्याएवढा होतो. आधीच घेर आवळत चाललेल्या माणसाला मी आणखी बारीक भोक आणून दिलं होतं. वर ते पेल्याएवढं तोंड नळीला टेकलं असतं, आणि उंच बसवावं तर गाल दस्त्याला टेकवून डोळा तिथवर पोचणार नाही. फिलो स्वयंपाकघरातून म्हणाली, "चंद्रावरचे खड्डे बघायला ठेव ती. रायफलीला रायफलीचं आण." मग आम्ही दोघं गेलो. फ्रेडीने दुकानात तासभर एकेक दुर्बीण लावून रस्त्यापलीकडच्या पाट्या वाचल्या आणि शेवटी अगदी साधी घेतली. चारपट दाखवणारी, आखूड, दिवा नाही, लहानमोठं करायची कळ नाही. पण तीत उजेड भरपूर होता, आणि डोळा चार बोटं मागे ठेवूनही चित्र पूर्ण दिसत होतं. "ही बरी," फ्रेडी म्हणाला. "ही माझ्याकडून फार मागत नाही."

पण ती बसवायची कशावर? पापांच्या काळच्या रायफलीला दुर्बिणीची जागाच नसते. वर पट्टी बसवायची तर पोलादात भोकं करायची आणि आटे पाडायचे. रियाझने खडूने खुणा केल्या, ड्रिलकडे हात नेला आणि फ्रेडीने रायफल उचलून परत पेटीत ठेवली. आम्ही घरी आलो. आठवडाभर तो त्या विषयावर बोलेना. मी गेलो की रायफल मांडीवर आडवी, आणि त्याचा अंगठा त्या खडूच्या खुणांवरून फिरतोय. "पापांच्या डोक्यात ड्रिल मारल्यासारखं वाटतं मॅन," एकदा म्हणाला. मी "अरे, लोखंड ते" वगैरे काहीतरी पुटपुटलो. फिलो बटाटे सोलत होती. सुरी न थांबवता ती म्हणाली, "पापांचा खुबा मोडला तेव्हा डॉक्टरांनी आत सळई घातली, स्क्रू मारले. सही तूच केलीस ना? त्यानंतर ते बाजारात चालत जाऊन मासे आणायला लागले. मग ह्या लोखंडाचे एवढे लाड कशाला?" फ्रेडी तिच्याकडे बघत राहिला. तिच्याकडे म्हणजे तिच्या चेहऱ्याकडे, कारण हात, सुरी आणि बटाटे त्याच्या घेरात आता मावत नव्हते. दुसऱ्या दिवशी रियाझने भोकं पाडली. फ्रेडी तेवढा वेळ दुकानाबाहेर उभा राहिला, पाठ करून.

दुर्बीण पट्टीवर कड्यांत बसवून आवळायची असते, आणि ते ज्याच्या डोळ्यासाठी आहे त्याच्या डोळ्याला लावूनच करावं लागतं. ते आम्ही त्याच्या घरी केलं. आधी मी टेबल खिडकीत मांडू या म्हणालो, उजेड चांगला येतो म्हणून. फ्रेडीने शांतपणे विचारलं, "गिरगावात खिडकीतून दुर्बीण लावलेली रायफल बाहेर काढायची? आणि नंतर चहा पोलीस स्टेशनात घ्यायचा का?" मग आतल्या पॅसेजमध्ये मांडामांड केली. रायफल उशांवर ठेवली, गोळी तर नव्हतीच, बोल्ट, म्हणजे मागची सरकती खिट्टी, तीही काढून घेतली. पलीकडच्या टोकाला, हॉलमध्ये, भिंतीवर फिलोचं ऑल्टर, म्हणजे देव्हारा, त्यावर लाल बल्ब. बोल्ट काढला की नळीतून मागून आरपार दिसतं. नळीत तो लाल बल्ब मधोमध आणायचा आणि मग रायफल न हलवता दुर्बिणीची फुलीही त्याच बल्बवर आणायची, म्हणजे सुरुवातीचा नेम जुळतो. फुली तिरकी बसू नये म्हणून तिची उभी रेघ ओळंब्याशी ताडून बघतात. ओळंबा नव्हता. फिलोने आपली जपमाळ ऑल्टरच्या खिळ्याला टांगली आणि खाली तराजूचं वजन बांधलं. "देवाने असलं काम कधी केलं नसेल," ती म्हणाली.

फ्रेडीने गुडघ्यावर बसून नळीतून पाहिलं. खूप वेळ पाहत राहिला. मला वाटलं, बल्ब सापडत नाही. विचारलं, "दिसतो का?"

"दिसतो की," तो म्हणाला. "वश्या, तू बघ. इकडे ये, बघ."

मी पाहिलं. भोवती सगळा काळोख आणि लांब, मधोमध, चण्याएवढा गोल उजेड. त्यात एक लाल ठिपका.

"असं दिसतं मला," फ्रेडी म्हणाला. "अजून एवढं लहान नाही. पण इकडेच चाललंय." मग माझ्या खांद्यावर थोपटलं, जणू काही मलाच झालंय. "पण मधलं साफ दिसतं, मॅन. मधलं एकदम साफ."

फिलो स्वयंपाकघरात गेली आणि तिने नळ सोडला. बराच वेळ नळ वाहत होता, भांडं वाजलं नाही.

स्क्रू आवळायचं काम माझ्याकडे आलं, कारण बाजूला ठेवलेला पाना फ्रेडीला सापडत नव्हता. कड्यांचे स्क्रू थोडाथोडा करत, आलटून पालटून आवळायचे असतात. मी पहिलाच स्क्रू चाळीतल्या नळाचा असल्यासारखा पिळला आणि दुर्बिणीच्या अंगावर कड्याचा वळ उठवला. फ्रेडी म्हणाला, "पुढे घे अजून, फार मागे आलीये." मी स्वतः डोळा लावून पाहिलं. मला ती जवळ ओढल्याशिवाय धड दिसत नव्हती. "मला अशीच बरी दिसते," मी म्हटलं, आणि त्याच्या रायफलीवर त्याची दुर्बीण माझ्या डोळ्याच्या मापाने आवळली. वर हट्ट धरला, की रेंजवर पहिली गोळी मी झाडणार. त्याच्या पदरात पुन्हा कोरा कागद पडू नये, आधी नेम नीट करून मगच त्याच्या हातात द्यावी, असा माझा उदात्त विचार. क्लबाचा मेंबर म्हणून परवानगी मिळाली, फ्रेडी शेजारी उभा राहिला. मी गाल टेकवला, मान आणखी पुढे नेली, ट्रिगर ओढला. रायफलीने मागे उडी घेतली आणि दुर्बिणीची कड माझ्या भुवईत बसली. मला आधी वाटलं घाम आला. मग घाम लाल दिसला.

आणि फ्रेडी हसला. डॉक्टरकडे गेला त्या दिवसापासून तो हसलाच नव्हता, हे मला तेव्हा कळलं. भिंतीला धरून, पोट धरून, खोकत हसला. "सांगितलं होतं ना पुढे घे! आता आयुष्यभर अर्धा चंद्र घेऊन फिर! आपल्या बायकोला काय सांगणार, मांजराने मारलं?" रेंजवरच्या माणसाने कापूस आणला, टाके पनवेलात पडले, आणि माझा कागद अर्थातच कोरा होता. ती खूण अजून आहे. दाढी करताना दिसते.

दुर्बीण पुढे घेतली, ह्या वेळी फ्रेडीच्या डोळ्याला लावून. पुढच्या खेपेला त्याने तीनचार गोळ्यांत नेम जुळवला, आणि मग पापांच्या वर्षाचा दिवस आला. सकाळी मिस झाली. फ्रेडीने पांढरा शर्ट घातला होता. रेंजवर तो टेबलाशी बसला, गाल टेकवला आणि इतका वेळ तसाच राहिला की मला वाटलं आता उठतो. पाठीवर शर्ट ओला झालेला दिसत होता. मग आवाज झाला, डोंगरावर जाऊन परत आला, आणि सगळं गप्प झालं.

"लागली?" फ्रेडीने विचारलं. त्याने मान वर केली नव्हती.

क्लबाची मोठी दुर्बीण स्टँडवर होती. मी तीतून कागद शोधला. पांढरं काहीतरी, त्यावर काळं काहीतरी, बाकी धुकं. मी डोळा पुसला, पुन्हा पाहिलं. टाक्यांमुळे असेल, पाण्यामुळे असेल. "मला कळत नाही रे," म्हटलं. "थांब, माणसाला पाठवू."

"नको," फ्रेडी म्हणाला. गाल अजून दस्त्याला टेकलेला. "मला दिसतंय. डावीकडे, वर. पांढऱ्यात आहे... पण आहे."

माणसाला न पाठवता आम्हीच चालत गेलो, त्याचा हात माझ्या खांद्यावर. वाटेत तो दोनदा अडखळला आणि एकदा मी. कागदावर डावीकडे, वर, पांढऱ्या भागात एक भोक होतं. फ्रेडीने त्यात करंगळीचं टोक घातलं आणि तसाच उभा राहिला. टॅक्सीत कागद मांडीवर उघडा होता, गिरगावपर्यंत. फिलोने तो पाहिला, पापांची फ्रेम उतरवली आणि मागचे खिळे काढले. त्या दिवशी मी सोरपोतेल दोनदा घेतलं आणि घरी खरं सांगितलं.

पुढच्या वर्षी पुन्हा जायचं असं ठरलं होतं. "अजून एक होईल मॅन, मधलं आहे अजून," असं तो म्हणायचा. डोळा त्याच्याशी प्रामाणिक राहिला. दगा हृदयाने दिला, आणि तोही पापांचा दिवस तोंडावर आला असताना. यंदा फ्रेममध्ये कागद सरकला नाही. फिलोने उलट एक काढला. तो शेवटचा, डावीकडे वर भोक असलेला, पापांच्या मागून काढून फ्रेडीच्या नव्या फोटोच्या मागे ठेवला. त्याची फ्रेम अजून भिंतीला सपाट चिकटलेली आहे, आणि ती बघवत नाही.

परवाना ज्याच्या नावावर तोच गेला, तेव्हा रायफल पोलीस स्टेशनात जमा करावी लागली. हवालदाराने परवाना वाचला आणि म्हणाला, ह्यात दुर्बीण लिहिलेली नाही, ती काढून घ्या. रियाझने येऊन ती उतरवली. फिलोने ती फ्रेडीच्या जुन्या मोज्यात घालून माझ्या हातात दिली. "ठेव तुझ्याकडे," म्हणाली. "अर्धी तुझ्याच रक्ताची आहे."

गेले काही आठवडे ती आमच्या लालबागच्या खिडकीत आहे. संध्याकाळी मी ती डोळ्याला लावतो. समोर गिरणीच्या जागेवर टॉवर चढतोय, त्याच्या क्रेनवर फुली आणतो. पापा क्रेन चालवायचे म्हणून. चित्र धूसर येतं. फुलीही धूसर, जणू पाण्यात बुडवलेली. डोळ्याकडच्या बाजूला फोकसचं कडं असतं, ते फिरवलं की साफ होतं म्हणतात. मी कधी फिरवलं नाही. ते फ्रेडीने फिरवलं होतं, त्याच्या डोळ्याला, त्या सकाळी. जगात त्याच्या नजरेचं माप आता तेवढ्या एका कड्यात उरलंय, आणि ते मी माझ्या सोयीसाठी पुसून टाकू? नाही दिसलं साफ, तर नाही दिसलं. फ्रेडीच्या डोळ्यांतून बघतोय, असं म्हणून मी रोज तो धूर बघत बसायचो. कधी कधी बरं वाटायचं. बहुतेक वेळा वाटायचं नाही.

परवा फिलो आली. फ्रेडी गेल्यापासून पहिल्यांदाच ती गिरगावच्या बाहेर पडली होती. चहा झाला. मी तिला खिडकीशी नेलं आणि हे सगळं सांगितलं, कड्याचं, मापाचं, न फिरवण्याचं.  तिने चष्मा वर केला, दुर्बीण घेतली, डोळ्याला लावली.  ओठ हलल्यासारखे वाटले. मला वाटलं, तिलाही तो भेटला.

"क्रेनवर एक माणूस डबा खातोय," ती म्हणाली. "पिवळं हेल्मेट. लोणचं आहे बहुतेक."

मी म्हटलं, "तुला साफ दिसतं?"

"काचेसारखं. अरे, हे कडं मीच फिरवलंय, तुला द्यायच्या आधी. पुसायला बसले, आणि म्हटलं तो शेवटी काय बघत होता ते बघू या तरी... त्याच्या मापात मला काहीच दिसलं नाही. मग दिसेपर्यंत फिरवलं." ती थांबली. दुर्बीण खाली घेऊन तिने मोज्यात घातली आणि मोज्याचं तोंड हळूच दुमडलं, एखाद्या पोराला पांघरूण घालावं तसं. मग माझ्याकडे वळली. आधी माझा कप पाहिला, ज्यात ओतताना मी अर्धा चहा बशीत सांडला होता. मग माझा चेहरा पाहिला, अगदी जवळून, एक डोळा, मग दुसरा.

"ह्यात फ्रेडी नाही रे वसंत. मोतीबिंदू आहे, तुझा. माझा काढायच्या आधी मलाही असंच दिसायचं. एकाने डोळे दाखवले नाहीत ते पुरे झालं मला. उद्या सकाळी परळला डॉक्टरकडे जायचं, मी येते बरोबर." पदर खोचून ती कप उचलायला लागली. "आणि तुला एकट्याला पाठवणार नाही मी. दुसऱ्याच्याच ऑपरेशनला जाऊन झोपशील."